मेणातला तुकडा

माझ्या बायकोच्या, सुमनच्या फुफ्फुसातली गाठ सीटी स्कॅनमध्ये दिसली, पण ती कसली ते तपासूनही इथल्या डॉक्टरांना सांगता येईना. "दुर्मिळ वाटतेय, मुंबईला दाखवा," म्हणत त्यांनी तपासणीसाठी सुईने काढून मेणात बसवलेला गाठीचा तुकडा डबीत घालून दिला. "उन्हात ठेवू नका, मेण वितळेल."

एसटीत मी ती काडेपेटीएवढी डबी सावलीला धरून बसलो. बस वळली की या मांडीवरून त्या मांडीवर. इतकी वर्षं संसार केला, आज तिच्या आतलं काही हातात आलं, तर त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ते वितळू द्यायचं नाही, एवढंच जमण्यासारखं होतं.

"अहो," खिडकीशी बसलेली सुमन पदर कपाळावर ओढत म्हणाली, "मी कधीची उन्हात बसलेय."