भिजलेल्या गाठीचं वजन

विलायतेला वऱ्हाडाच्या कापसाची भूक लागली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. अमरावतीहून गाड्यांनी आणलेल्या माझ्या गाठी अकोल्याच्या बाजारात उघड्यावर, माणसाच्या दुप्पट उंच रचून ठेवल्या होत्या. मुंबईहून तार आली आणि म्हातारा दवंडीवाला बाजारभर ओरडत फिरला, "समुद्रात तुफान उठलं हो! इकडंच येऊन राह्यलं! कापूस झाका, थप्प्या खाली उतरवा!"

माझं डोकंच फिरलं. "समुद्र कुठं अन् अकोला कुठं? कावून लोकायले भेव दाखवून राह्यले, बावा?"

झाकायला बांबूचे विणलेले तट्टे होते माझ्याकडे. पण ओल धरलेला कापूस काट्यावर जड भरतो, म्हणून आम्ही सगळेच व्यापारी तो मुद्दाम दवात उघडा टाकायचो. पाऊस आलाच तर बरंच झालं, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी अंधारून आलं. तसला वारा मी जन्मात पाहिला नव्हता. म्हातारा तेव्हाही दवंडी पिटतच होता. पावसाचा मारा सोसेना म्हणून तो माझ्याच थप्पीच्या आडोशाला उभा राहिला, आणि पाणी पिऊन फुगलेली ती थप्पी त्याच्यावर कोसळली.

तिघे हमाल आणि मी, अशा चौघांनी त्याच्या छातीवरची गाठ उचलली. त्याचा श्वास थांबला होता. ते मी पाहिलं, पण नंतर. आधी माझ्या हातांनी गाठीचं वजन जोखलं, आणि चांगली जड झाली म्हणून मी मनातल्या मनात खूश झालो.