काकांनी फाडलेलं जाळं

दगडूकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी बालाजीला फोन लावला. बालाजी त्यांचा एकुलता एक मुलगा. वारंगा फाट्यावर त्याचा ढाबा आहे. "काका गेले," मी म्हणाले. पलीकडे तेलात काहीतरी तडतडत होतं... "मातीला येतो," तो म्हणाला. "रडायला न्हाई येणार."

आमच्या भोई घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून काकांबद्दल चार शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलं. गोड करून लिहिणं मला जमत नाही. काका कठोर होते. त्यांचा जन्म पैनगंगेत मासे धरण्यात गेला. खडकाच्या कपारीत राहणारी, सापासारखी लांब वाम हा त्यांच्या जिवाचा मासा. ती संपत चाललीय हे त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं. "पहिले कमरेला लागणाऱ्या वामीत अंड्यांची गाभोळी निघायची. आता वीतभराचीच गाभण होऊन राहिली. मोठ्या उरल्याच न्हाईत, म्हून लेकरांवर पाळी आली," असं म्हणायचे. आखाडात अंडी घालायला ओढ्यात चढणारा मासा धरायचा नाही, हा आमच्यातला जुना नेम. पण बारीक भोकांची जाळी आली, आणि नेम पाळणाराच उपाशी राहू लागला.

अशाच एका आखाडात बालाजीनेही ओढ्याच्या तोंडाला मच्छरदाणीसारखं जाळं लावलं. त्याच्या बायकोचे, मीराचे, दिवस भरत आले होते आणि घरात दाणा नव्हता. काकांनी गावादेखत विळ्याने जाळं उभं फाडलं. मासे निसटले. बालाजी ओरडला, "मासोळीचं पोट दिसतंय तुमाला, सुनेचं न्हाई दिसत?"

"सुना लई मिळतील," काका म्हणाले. "वाम न्हाई मिळणार."

मीरा काठावरच उभी होती. त्याच दिवशी दोघांनी गाव सोडलं. आणि झालं काय? सुटलेली मासोळी वरच्या अंगाला दुसऱ्यांनी धरली. वामही गेली, मुलगाही गेला. नातू शाळेत जायला लागला तरी काकांनी त्याचं तोंड पाहिलं नाही.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी विचारलं, "काका, बोलवू का बालाजीला?"

"नको. मी जिता असताना आला तर त्याला वाटंल, म्हातारा हारला." मग म्हणाले, "मीरा येती का, इचार."

मीराला विचारलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांना म्हणावं, सुना लई मिळतील."

तो निरोप मी काकांना जसाच्या तसा सांगितला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

बालाजी मातीला आला, रडला नाही. जाताना घरातून एकच वस्तू नेली : काकांनी हाताने विणलेलं, मूठ सहज जाईल एवढ्या भोकांचं जाळं. परवा ढाब्यावर गेले तर ते मागे कोथिंबिरीच्या वाफ्याभोवती बांधलेलं, कोंबड्या शिरू नयेत म्हणून. आणि अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या तलंगा भोकांतून अंग चोरून खुशाल आत जाऊन चरत होत्या.

"बघ ताई," बालाजी म्हणाला, "म्हातारा अजूनबी सोडूनच देऊन राहिला."

हसत हसत त्याने त्यातलीच एक तलंग पायांना धरून उचलली आणि आतल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "हीच कापू का?"