कोलोनच्या देवळावरची क्रेन

कोलोन या जर्मन शहराचा इतिहास आमच्या भासऱ्यांइतका पाठ असलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नाही, आणि तो इतिहास एका म्हशीला इतक्या वेळा सांगितलेला माणूस तर खुद्द जर्मनीतही नसेल. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, असा आमच्या घरचा जुना रिवाज. बाकीच्यांनी तो केव्हाच सोडला, यांनी धरून ठेवला. लग्न होऊन मी इंझोरीला आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी मला जे काही सांगितलं ते म्हशीकडे, मोटारपंपाकडे नाहीतर वांग्याच्या झाडाकडे पाहून. मीही उत्तरं तशीच दिली. "म्हशीबाई, त्यायले सांगा, पंप चालूच राह्यला," असं मी म्हटलं की ते उठून पंप बंद करत. अडचण कधी आली नाही.

हे शहर त्यांना लहानपणी एका तापात लागलं. कपाळावरच्या पट्टीला कोलन वॉटर लावलं होतं, आणि हे पाणी कोणत्या गावच्या विहिरीचं, असा प्रश्न त्यांना पडला. पुढे वाशीमला बी.ए. करताना रद्दीत कोलोनच्या इतिहासाचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. पुठ्ठा नाही, शेवटची पानं नाहीत. डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी ते पाठ केलं. फ्रेंच फौज गावात शिरते तिथे पुस्तक तुटलेलं, त्यामुळे आमच्या घरापुरती ती फौज तिथून अजून निघालेलीच नाही.

पण त्याच्या आधीचं काहीही विचारा. रोमन लोकांच्या काळात तिथे जन्मलेली एक मुलगी पुढे राणी झाली आणि नवऱ्याच्या मागे लागून तिने माहेरच्या गावाला मोठ्या शहराचा मान मिळवून दिला. हे सांगून झालं की ते जाऊबाईंकडे वळत. "नाहीतर तुझं माहेर. एस.टी. बी फाट्यावरूनच वापस जाते." मग नदीतून जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने तिथे माल उतरवून तीन दिवस गावकऱ्यांपुढे मांडायचा, हा तिथला कायदा. तो त्यांना इतका आवडला की शेलूबाजारात हायवेवरून जाणाऱ्या भाजीच्या गाड्यांनाही तो लावावा, असं त्यांनी तिथल्या एका व्यापाऱ्याला तासभर समजावलं. व्यापारी म्हणाला, "काका, तीन दिवसात टमाट्याचं काय होईन?" भासरे घरी येऊन म्हशीला म्हणाले, "या लोकायले इतिहास समजत नाही."

सगळ्यात जीव मात्र तिथल्या मोठ्या चर्चवर. ते त्याला देऊळच म्हणत. तीनशे वर्षं बांधलं, मग काम थांबलं, आणि अर्ध्या शिखरावर एक लाकडी क्रेन तशीच उभी राहिली. तिच्याखाली पिढ्या जन्मल्या आणि गेल्या, कुणाचं काही अडलं नाही. पुस्तकात क्रेन उभीच होती, म्हणून भासऱ्यांच्या लेखी ती आजही उभी होती. माझ्या मुलीने नेटवर पाहून देऊळ कधीच पूर्ण झाल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "नेटवर काय, काहीबी लिहितात."

यात त्यांची सोय होती. त्यांना मूलबाळ नाही. माझी मुलगी झाली तेव्हा तिच्यासाठी म्हणून त्यांनी गच्चीवर खोली बांधायला घेतली. भिंती आल्या, वर सळया उभ्या राहिल्या, आणि काम थांबलं.

"पोरगी दहावीत गेली," जाऊबाई म्हणायच्या. "खोली कधी होईन?"

"कोलोनच्या देवळाले तीनशे वर्षं लागले, तरी झालं नाही."

"तिथं विचारायले मी नोती."

मुलगी नर्सिंग शिकली. अकोल्याला राहून जर्मन शिकली. जर्मनीतल्या दोन दवाखान्यांतून बोलावणं आलं, त्यातलं तिने कोलोनचं घेतलं. दुसरीकडे पगार बरा होता, पण ती ऐकेना. ती गेली त्या दिवशी भासरे संध्याकाळी म्हशीला एवढंच म्हणाले, "खोलीच्या आधी गेली."

पंधरा दिवसांनी तिने देवळासमोर उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. भासऱ्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला. दोन्ही शिखरं वरपर्यंत पूर्ण. क्रेन नाही.

"मोठेबाबा, पाहा. झालं ना पुरं?"

 मग तिने त्यांना हरवलेली पानं सांगितली. फ्रेंच गेले. देऊळ पूर्ण झालं. पुढे महायुद्धात बॉम्ब पडले आणि सगळं जुनं गाव भुईसपाट झालं. देऊळ तेवढं उभं राहिलं.

घरात कुणी वारल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला. "आन मानसं?"

"गेली होती गाव सोडून. पण वापस आली. त्यायनंच बांधलं पुन्हा."

"वापस आली म्हणते," त्यांनी जाऊबाईंना सांगितलं. जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानोऱ्याहून मिस्त्री आला. बावीस वर्षं अडलेलं काम महिन्यात उरकलं. स्लॅब पडला, प्लास्टर झालं, खिडकी बसली. शेवटच्या दिवशी मिस्त्री गच्चीवर उरलेल्या सळया कापायला लागला. एकच राहिली तेव्हा भासऱ्यांनी त्याला थांबवलं. मी खाली अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते. म्हटलं, "म्हशीबाई, त्यायले सांगा, सारंच कापून घ्या. मिस्त्री काही पुन्हा यायचा नाही."

ते जिना उतरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "एक राहू द्या. पोरगी आली का मंग कापू."

सत्तावीस वर्षांतलं हे पहिलं. पोरीच्या नोकरीचं पत्र मी वाचलेलं आहे. करार किती वर्षांचा, सुट्टी किती, मला ठाऊक आहे, आणि तिकडे रमलेल्या मुली परत येतात की नाही तेही मी ऐकून आहे. ते सांगायलाच हवं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलायची मला सवय नाही. मी म्हशीकडे पाहिलं आणि म्हटलं, "राहू द्या."