माठावरची मावशी

"तान लागली, का वाचनाची पाळी आली?"

पाण्याच्या माठाशी येणाऱ्या प्रत्येक पोराला मावशी हे विचारायच्याच. पोर हसलं तर भांडं भरून पाणी. मान खाली गेली, तर भांडं देता देता मावशी माझ्या वर्गाकडे रोखून बघायच्या.

पोशीरच्या शाळेत मी नवा मास्तर होतो आणि नव्या मास्तराला असतो तेवढा शहाणपणा माझ्याकडे भरपूर होता. मावशी शाळा झाडायच्या, पाणी भरायच्या, हेडमास्तरांची सूचनावही वर्गावर्गांत फिरवायच्या. माझ्यापुढे वही धरून म्हणायच्या, "चष्मा इसरले गुर्जी. तुमीच वाचा." चष्मा त्या रोजच विसरत. आठ महिने मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हसू नका, तुम्हालाही दिसलं नसतं.

माझ्या पहिलीत शेवंता होती. पाढे तोंडपाठ, गोष्ट सांगावी तर तिनंच. पुस्तक उघडलं की मात्र तिला तहान लागे. पहिलीतलं तिचं ते दुसरं वर्ष. बाप येऊन बजावून गेला, "यंदा बी नापास झाली तर ढोरांमागं धाडतो." मी म्हणालो, "मुलगी आळशी आहे, काय करणार?"

हे मावशींनी ऐकलं. बाप गेल्यावर आत आल्या.

"पोरगी आळशी नाय. आळशी पोर माठाशी रेंगाळत येतंय, ही पळत येते. आन् तिची पाळी टळली का ते दाराआडून बघते, मंगच आत जाते."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?" मी म्हणालो. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

मावशींनी टेबलावरची सूचनावही उचलली, डोळ्यांपुढे धरली आणि ओठ हलवत गंभीरपणे वाचली, "उद्या शाळंला सुट्टी हाय." वही उलटी होती.

"पंधरा वर्सं अशीच वाचते हाय," त्या म्हणाल्या. "मला नाय कळनार तर कोनाला कळंल?"

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मावशी सुपात तांदळाचा कोंडा पसरून आणू लागल्या. सूप त्यांच्या आणि शेवंताच्या मधे. मी सांगे ते अक्षर शेवंता बोटानं कोंड्यात काढी, मोडी, पुन्हा काढी. मावशी समोर बसून बघत. आपण नुसत्या सोबतीला आहोत, असा आव. शेवंता अडखळत, बोट ठेवत वाचायला लागली, कशीबशी पास झाली. बापानं ढोरं स्वतःच राखली.

मावशी आता या जगात नाहीत. पण त्या शाळेतून निवृत्त झाल्या तो निरोपाचा दिवस मला विसरता येत नाही. हेडमास्तरांनी हौसेनं मानपत्र लिहिलं होतं. ते त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "मावशी, दोन ओळी वाचून दाखवा."

"लई तान लागली," म्हणत मावशी तडक माठाकडे गेल्या. सगळी शाळा हसली. मी हसलो नाही. चौथीतली शेवंताही हसली नाही. ती उठली, मागोमाग गेली, मावशींच्या हातातला कागद घेतला आणि त्यांच्यापुढे उलटा धरला.

"तू समोर बसून शिकलीस ना? आता वाच."

मावशींनी कागदावर बोट ठेवलं. एकेक अक्षर जुळवत, अख्ख्या शाळेपुढे, स्वतःचं नाव वाचलं.

मग भांडंभर पाणी घेऊन त्या गटागटा प्यायल्या. त्या दिवशी त्यांना खरोखरच तहान लागली होती.