गाडी बंद पडू दे, असं मी आईला म्हटलं

हा अनुभव सांगावा की सांगू नये, ह्यातच माझे किती महिने गेले. लोक देवीचा अनुभव सांगतात तेव्हा आधी मागणं असतं, मग देणं असतं, आणि मग हात जोडायचे असतात. माझं मागणंच उलटं होतं. आणि जे पदरात पडलं ते मी मागितलेलं होतं की भलतंच काही, हे मला अजून कळलेलं नाही. तरी लिहिते. तुमच्यापैकी कुणाला उलगडलं तर बरंच की.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. आमच्या ह्यांना जुन्या मोटारीचं वेड. मोटार सासऱ्यांनी घेतलेली, माझ्या आधीपासून ह्या घरात आहे, म्हणून मी तिला थोरली सवत म्हणते. अशी वेडी माणसं गावात बरीच आहेत. कुणाची मोटार, कुणाची फटफटी. रविवारी सगळी कुणाच्या तरी दारात जमतात, एक बॉनेट उघडतं आणि सगळ्यांची डोकी आत. कडक भाकरी, शेंगाची चटणी नि दही आम्ही बायका बाहेर आणून देतो, तेव्हा काळ्या हातांनीच खातात. पण माणसं सोन्यासारखी हो. दोन वर्षांमागं ह्यांच्या छातीत दुखलं, स्टेंट बसवावा लागला, तेव्हा मुलगा पुण्याहून येईपर्यंत ह्याच लोकांनी पाळ्या लावल्या. श्रीनिवासभाऊजी, घरी यंत्रमाग, बोलणं निम्मं तेलुगू निम्मं मराठी, ते तर दवाखान्याच्या बाकड्यावरच झोपले.

दर हिवाळ्यात ह्यांची एक फेरी असते. ट्रायल म्हणतात. शर्यत नव्हे ती. जोरात जाणाऱ्याचं तिथं काही कौतुक नाही. जुनी गाडी ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या नाक्यांवर, ठरलेल्या वेळी पोचली पाहिजे, वाटेत बंद पडता कामा नये, आणि कुणाची मदत घ्यायची नाही. उशीर झाला तर गुण कापतातच, पण लवकर पोचलं तरी कापतात. म्हणून नाक्याच्या अलीकडे झाडाखाली गाड्या उभ्या करून ही शहाणीसुरती माणसं घड्याळाकडे बघत बसतात. शेजारी बसणाऱ्यानं वेळेचा हिशेब ठेवायचा. आमच्या गाडीत ते काम माझं.

डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं होतं, लांबचं चालवणं आता नको. मुलगा फोनवर माझ्यावरच चिडायचा, "आई, तू बाबांना अडवत का नाहीस?" कसं अडवू? ह्यांची नोकरीची गिरणी बंद झाल्यापासून ह्यांना ह्या गाडीनं आणि ह्या दोस्तांनीच उभं ठेवलंय. पण घाटात, चाकावर हात असताना ह्यांना काही झालं तर? रात्र रात्र हाच विचार. शेवटी मी देव्हाऱ्यासमोर बसले आणि आमच्या कुलस्वामिनीला, तुळजाभवानीला, म्हटलं, "आई, ह्यांचं मन मोडायचं माझ्याच्यानं होत नाही. तूच ही गाडी बंद पाड. दारातच पाड."

आणि फेरीच्या सकाळी सवत पहिल्या झटक्यात चालू झाली. हे लहान मुलासारखे हसले. मी मेली मनातून आईवर रुसले.

वाट गावागावांतून फिरून तुळजापूरला जात होती. तिथं सगळ्यांनी थोडा थांबा घ्यायचा, मग घाट उतरायचा, आणि घाटाच्या पायथ्याशी पुढचा नाका. तुळजापुरात सगळे दर्शनाला पळाले. मी गेले नाही. गाडीतूनच शिखराला हात जोडले, तेही अर्धेच. वाटभर माझं तेच चाललेलं होतं, आता बंद पडू दे, ह्या वळणावर पडू दे. असल्या जपात हिशेब कुठला राहतोय? घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "अहो, आपण लई लवकर आलोय. थांबायला पाहिजे."

"नक्की?"

"नक्की."

ह्यांनी घाटाच्या अलीकडे लिंबाखाली गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक धरत नाही म्हणून गियरमध्ये टाकून उभी केली. जरा वेळानं बोरांची पाटी डोक्यावर घेऊन एक म्हातारी आली. आली ती तोंड सोडूनच.

"कुणाची गाडी ही? ही माझी जागा हाय की! रोज हितंच बसती मी."

हे म्हणाले, "आजी, थोडा वेळ. आम्ही फेरीतले आहोत."

"फेरी घाला नायतर प्रदक्षिणा घाला, गाडी म्होरं घ्या. ऊन लागतंय मला."

मला राग आला. म्हटलं, "रस्ता काय तुमच्या नावावर आहे का?" तशी म्हणाली, "तुमच्या नावावर हाय व्हय?" हे हसत आत बसले. चार हात पुढं घ्यायची म्हणून इंजिन चालू न करता नुसता गियर काढला. उतारावर गाडी आपोआप हलली. ह्यांनी ब्रेकवर पाय दिला आणि पाय थेट तळाला गेला.

मी बाहेर उभी होते. मला फक्त ह्यांचा चेहरा दिसला. तोंड उघडं, हात चाकावर आवळलेले. गाडी हळूहळू, अगदी गरीब गाईसारखी, घाटाकडं निघाली. म्हातारी बसायला अंथरलेलं गोणपाट दाबायला दगड हातात घेऊन उभी होती. "अगं बया, जातीय की ही!" म्हणून तिनं तो पुढच्या चाकाखाली टाकला आणि वर पायानं रेटला. गाडी थांबली. हे उतरले, तिच्या गोणपाटावर बसले. चाकाशी ब्रेक ऑइलचा ओघळ होता.

मागून श्रीनिवासभाऊजींची फटफटी आली. आमच्या मागं निघालेले ते. ओरडले, "काय की वहिनी, हितं काय करताय? तुमची वेळ कधीच होऊन गेली की!"

मी पुन्हा हिशेब केला. तुळजापूरचा थांबा मी दोनदा धरला होता. आम्ही लवकर नव्हतोच, उलट उशीर झाला होता. हिशेब बरोबर असता तर आम्ही न थांबता सरळ घाटात उतरलो असतो. त्या ब्रेकवर.

भाऊजींनी चाकाकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. स्वतःच्या वेळेचं काय, असं मी म्हटलं तर म्हणाले, "गुण गेले खड्ड्यात वहिनी. पाणी आणा आधी." बंद पडलेल्यांना न्यायला सगळ्यांत शेवटी येणाऱ्या गाडीवर आमची मोटार बांधेपर्यंत ते तिथंच बसले. म्हातारीनं सगळ्यांना बोरं दिली, आणि पैसे अगदी रोखून मागून घेतले.

तेव्हापासून मी गोंधळले आहे. आईनं माझं ऐकलं म्हणावं, तर गाडी दारात बंद पडायची ती घाटाच्या तोंडाशी का? ब्रेक माझ्या मागण्यानं गेला का? मग मीच ह्यांच्या जिवावर उठले होते की काय! आणि आईनं वाचवलं म्हणावं, तर कशातनं? माझ्याच मागण्यातनं? भाऊजी म्हणतात, ब्रेकमधलं रबर जुनं झालं होतं, ते जाणारच होतं. असेल. पण माझा हिशेब तेव्हाच का चुकला, हे त्यांनाही सांगता येत नाही.

पंधरवड्यानं मी साडी-नारळ घेऊन त्या म्हातारीकडं गेले. म्हटलं, हिच्याच रूपानं आई आली असेल, ओटी भरावी. तिनं मला ओळखलंच नाही. गाडीचं सांगितलं तर म्हणाली, "ती व्हय? भांडखोर बाई तुमीच का!" ओटी घेतली, साडीचा काठ चाचपला, म्हणाली, "हिरवी आणायची हुती." मी वाकून नमस्कार केला तर पाय मागं घेतले. "मला कशापायी? वर जावा की, आई वर हाय."

तशीच वर गावात, देवळाकडं गेले. हेही बरोबर होते, पण देऊळ पायऱ्या उतरून खाली, आणि ह्यांनी परत त्या चढायच्या नाहीत म्हणून वरच थांबले. रांगेत उभी राहून मी जुळवाजुळव करत होते. काय मागू? गाडी बंद पड म्हणू, की कधी बंद पडू नको म्हणू? ह्यांनी चालवणं सोडावं म्हणू, की ह्यांचं मन राहू दे म्हणू? गाभाऱ्यात पोचले, आईचा मुखवटा समोर आला, आणि माझ्या तोंडून काहीच निघेना. मागून "चला बाई, पुढं चला" झालं. एवढंच म्हणाले, "तुला कळतंय. मला नाही कळत." आणि ढकलली गेले.

बाहेर आल्यावर लक्षात आलं, जन्मात पहिल्यांदा मी काही न मागता दर्शन घेतलं होतं. मन हलकं झालं होतं, पण गोंधळ होता तसाच होता. गोंधळ घेऊनही तिच्यापुढं उभं राहता येतं, एवढंच मी ह्यातनं शिकले. ह्यांना काय झेपेल, काय नाही, ते मी आता डॉक्टरांना आणि ह्यांना समोरासमोर बसवून बोलते. बाकीचं तिच्यावर.

पायऱ्या चढून वर आले तर हे कट्ट्यावर बसलेले, कपाळाला आठ्या. "किती उशीर! कधीचा बसलोय मी इथं." उशीर झाला म्हणून कुरकुरणारा माझा माणूस समोर बसलेला होता. त्याच्या शेजारी बसले आणि माझे हात आपोआप जोडले गेले.