डोळे झाकून वाचणाऱ्या मनी मॅडम

९ फेब्रुवारी २०११ रोजी आमच्या हिशेब खात्यात १,३८० रुपयांचे एक प्रवास बिल आले. प्रवासी एक, बस एकच, जाणे आणि येणे. तिकिटे मात्र दोन-दोन. बिलावर सही मनी मॅडमची होती. मी त्यांना फोन करून विचारले, "मॅडम, दुसरी सीट कोणाची?"

"उंदरांची," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मनी हे त्यांचे नाव नव्हे. औषधे आणि रसायने माणसांपर्यंत पोचण्याआधी उंदरांवर तपासणारी आमची प्रयोगशाळा. त्यात उंदरांच्या मागे हात धुऊन लागलेली बाई म्हणून कोणीतरी त्यांना मनी म्हटले आणि ते चिकटले. त्यांच्या कानावर गेले तेव्हा त्या चिडतील असे वाटले होते. त्यांनी टेबलावर मांजराचे चित्र असलेला कप आणून ठेवला आणि शेवटपर्यंत त्यातच चहा प्यायल्या. पुढे त्यांच्या तोंडावरही सगळे मनी मॅडम म्हणू लागले. आमच्या खात्यात तर विनोदच होता, की संस्थेत दोन मनी आहेत, एक कधी पुरत नाही आणि दुसरी कधी ऐकत नाही.

त्यांचे वडील घड्याळे दुरुस्त करीत. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. शाळेतून आल्यावर ही मुलगी वडिलांचे भिंग डोळ्याला लावून बसे आणि घड्याळाऐवजी मुंग्या, माश्या, स्वतःची नखे पाहत राही. "गिऱ्हाईक पळवशील," म्हणून वडील ओरडत, पण भिंग काढून घेत नसत. पुढे प्राण्यांच्या आजारांचे शिक्षण घेताना तोंडी परीक्षेत एका कडक सरांनी त्यांना नापास केले. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर जे दिसत नव्हते ते पुस्तकात आहे म्हणून सांगितले, एवढाच गुन्हा. "दिसतंय ते सांगा, बाई. पाठ केलेलं घरी जाऊन आईला म्हणून दाखवा," असे सर म्हणाले होते. हा किस्सा त्या स्वतःच सांगत आणि सर्वांच्या आधी हसत.

मी संस्थेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका अहवालाच्या बिलाबरोबर त्यांची चिठ्ठी आली: "सर्व काचपट्ट्या डोळे झाकून वाचल्या आहेत. पैसे द्यावेत." मी वाणिज्य शाखेचा माणूस. आमच्याकडे डोळे झाकून काही केले की नोकरी जाते. मी चिठ्ठी घेऊन तडक त्यांच्या खोलीत गेलो.

"बसा, खजिनदार," त्या म्हणाल्या. मला त्या कायम खजिनदारच म्हणत. मग त्यांनी समजावले. उंदरांचे गट असतात. काहींना औषध कमी, काहींना जास्त, काहींना अजिबात नाही. त्या शेवटच्यांना सगळे 'कोरे' म्हणत. दोन वर्षांनी प्रत्येकाच्या अवयवांचे पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. "हा उंदीर कोणत्या गटातला हे आधी कळलं, की डोळा लबाडी करतो. औषधवाला म्हटलं की नसलेली गाठ दिसते, कोरा म्हटलं की असलेली दिसत नाही. म्हणून नावावर पट्टी चिकटवून वाचायचं. त्याला आम्ही डोळे झाकून म्हणतो."

"आणि आम्ही त्याला गफलत म्हणतो," मी म्हणालो.

"म्हणून तुमची खाती जुळतात आणि आमची खरी असतात." मी बिल मंजूर केले.

आता त्या १,३८० च्या बिलाकडे येतो. एका मोठ्या कंपनीची सांधेदुखीची नवी गोळी आमच्याकडे तपासणीला आली होती. दोन वर्षे उंदरांना ती खाण्यात मिसळून दिली. मनी मॅडमनी काचपट्ट्या वाचल्या, गट उघडले आणि निष्कर्ष लिहिला: नरांच्या यकृतात गाठी आहेत, औषध वाढते तशा गाठी वाढतात, औषधाशी संबंध आहे.

संचालकांनी बैठक बोलावली. खर्चाचा विषय निघेल म्हणून मलाही बसवले होते. संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांना छपराखालची सगळी माणसे पोसायची होती आणि निम्मे काम त्या एका कंपनीचे होते.

"म्हातारे उंदीर, मॅडम. म्हातारपणी गाठी होणारच," ते म्हणाले.

"कोरेही तेवढेच म्हातारे आहेत. एकाच दिवशी आणले होते सगळे."

"आपण 'वयोमानानुसार गाठी आढळल्या' असं लिहू. मजकूर तयार आहे. तुम्ही डोळे झाकून सही करा."

खोलीत कोणीतरी खोकले. मनी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साहेब, मी वाचलं डोळे झाकून. म्हणूनच सही उघड्या डोळ्यांनी करणार."

"हट्ट करताय तुम्ही."

"हो."

"उंदरांत झालं म्हणजे माणसांत होईलच का?"

"नाही होणार कदाचित. ते ठरवणारे ठरवतील. पण त्यांना ठरवता यावं म्हणून मी काय पाहिलं ते सांगायचं, ह्याचाच मला पगार मिळतो. या काचांवरच्या गाठी पुसता येतील साहेब, पण मग गाठ माझ्याशी आहे."

संचालक लालबुंद झाले. कंपनीला बाहेरच्या तज्ज्ञाकडून फेरवाचन हवे आहे, असे ते म्हणाले. त्यांना वाटले बाई बिथरतील. "करा की," त्या म्हणाल्या. "माणूस त्यांनीच निवडावा. अट एकच. त्यानेही डोळे झाकून वाचायचं."

कंपनीने माणूस निवडला. दुसऱ्या शहरात राहणारे तेच कडक सर, ज्यांनी यांना नापास केले होते. कंपनीत कोणीतरी हा किस्सा ऐकला असावा.

त्या संध्याकाळी मी सह्यांसाठी त्यांच्या घरी गेलो होतो. यजमान शाळेत चित्रकला शिकवत. भांडी घासता घासता ते म्हणाले, "सरांनी तुला परत नापास केलं तर?"

"तर राजीनामा देईन."

"तू कशाला? साहेबांना मागू दे ना. आपल्याला काय घाई आहे? आणि तो कप घरी आणू नकोस, तिथेच राहू दे."

काचपट्ट्यांच्या नावांवर नवे नंबर चिकटवायला, यातले काहीच न कळणारा माणूस हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी दिवसभर पट्ट्या चिकटवल्या. कोणता नंबर कोणाचा, याचे पाकीट संचालकांच्या कपाटात बंद झाले. मागच्या खेपेला कुरिअरने पाठवलेली पेटी खुळखुळ्यासारखी वाजत परत आली होती. म्हणून मॅडम पेटी घेऊन स्वतः निघाल्या. टपावर ठेवायची नाही, पायाशी ठेवायची नाही. त्यांनी शेजारची सीट विकत घेतली आणि पेटी शालीने बांधून तिथे बसवली. कंडक्टरने विचारले, "आत काय आहे, ताई?" "साक्षीदार आहेत," असे उत्तर दिल्याचे त्यांनीच सांगितले. कंडक्टर पुढे निघून गेला.

सरांनी पेटी ठेवून घेतली, दारातूनच यांना गावातल्या मुक्कामावर परत पाठवले, वाचन झाल्यावर बोलावले आणि पुन्हा दारातूनच पेटी दिली. चहाही विचारला नाही. येण्याचा प्रवासही त्यामुळे दोन सीटचा झाला.

पाकीट उघडले त्या बैठकीत कंपनीचे दोघे होते. सरांचे मत सगळीकडे जुळत नव्हते. मॅडमनी कर्करोग म्हटलेल्या दोन गाठी सरांच्या मते साध्या होत्या, आणि एक गाठ मॅडमच्या नजरेतून सुटली होती. ती कोऱ्यांमधली होती, म्हणजे कंपनीच्या फायद्याची. हे कंपनीचे लोक बोलण्याआधी त्याच उठून बोलल्या. "माझी एक सुटली. सरांचं बरोबर आहे, ती धरा. त्या दोन साध्याही धरा. आता पुन्हा मांडा."

पुन्हा मांडले. औषध वाढते तशा गाठी वाढतच होत्या.

"निदान शब्द तरी थोडे मऊ करा," संचालक म्हणाले.

"शब्द मऊ केले म्हणून गाठ मऊ होत नाही." त्यांनी सही केली.  अखेर संचालकांनीही सही केली. हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवे.

कंपनीने गोळी मागे घेतली आणि कामही. त्या वर्षी कोणालाच बोनस नव्हता. कॅन्टीनमध्ये भांडारवाला मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "मनीमुळे मनी गेली." हशा पिकला. मॅडम ताट घेऊन उठल्या आणि त्याच्याच समोर येऊन बसल्या.

"तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत?"

"दुखतात," तो म्हणाला.

"ती गोळी उद्या त्यांच्या उशाशी आली असती. खा, निवतंय."

तो खाली मान घालून जेवला. बोनस बुडाल्याचा राग त्याचा गेला नाही, आणि माझाही बरेच दिवस गेला नव्हता. पण त्यानंतर तो विनोद कोणी केला नाही.

त्यांना सूक्ष्मदर्शकापासून हलवून उंदरांच्या खाद्य भांडारावर देखरेखीला बसवले. शिक्षाच होती. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बुरशी लागलेल्या खाद्याची अख्खी गाडी दारातून परत पाठवली, आणि पुरवठादाराने संचालकांकडे तक्रार केली तेव्हा त्याला म्हणाल्या, "साहेबांना विचारा मी कशी आहे ते." पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. राजीनामा त्यांच्याकडे कोणी मागितला नाही आणि त्यांनी दिला नाही.

निरोपाच्या दिवशी भाषणे झाली. संचालक बोलून बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं एक बिल अडकलंय."

बिलाच्या निम्म्या रकमेवर संचालकांचा लाल शेरा होता: "प्रवासी एक, सीट दोन. अमान्य." ते हसत खिशात हात घालू लागले.

"तुमच्या खिशातून नको. संस्थेच्या खात्यातून. ते काम संस्थेचं होतं."

संचालकांचा हात खिशातच राहिला. त्यांनी शेरा खोडला नाही. मॅडमनी आग्रह धरला नाही, आणि सोडलाही नाही. मांजराचा कप त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या.

पुढे दोन संचालक बदलले. दरवर्षी लेखापरीक्षक त्या अडकलेल्या बिलाच्या मी ठेवलेल्या नोंदीवर बोट ठेवतात आणि खोडून टाकायला सांगतात. मी खोडत नाही. येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होईन. माझ्या जागी येणाऱ्या बाईंना ती नोंद दाखवून ठेवली आहे.

दुसऱ्या सीटचे ६९० रुपये देणे बाकी आहे.