बिनमाणसांची गावं

आमचे दाजी कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या नायकाला आईमाईवरून शिव्या घालायचे. खेळात हरले म्हणून नव्हे, तो मध्ये उभा राहायचा म्हणून. "सरक की रं मुडद्या! हिरीवर तंगड्या फाकून काय हुबा ऱ्हायलायंस!" तो तलवारवाला राजबिंडा गडी काय सरकणार? जिथं जाल तिथं पडद्याच्या मधोमध तोच. दाजींना तो नको होता, राक्षस नको होते, खजिना तर नकोच नको. त्यांना हवी होती त्याच्या पायाखालची जमीन. कारण ती जमीन माझ्या अक्कानं रंगवली होती.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही माणदेशातले, तिला दिली जतकडे. दुष्काळातून उचलून दुष्काळातच टाकली, असं आई म्हणायची. दाजी फौजेत सिग्नलला होते. ते सीमेवर आणि अक्का माळावरच्या त्या घरात एकटी. हातात चित्रकला होती म्हणून तिनं पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं काम घरी बसून धरलं. खेळातली गावं, ओढे, डोंगर, देवळं तिनं रंगवायची. माणसं काढणारे वेगळे. दाजी पेन्शनीवर आले आणि थोड्याच काळात अक्का आजारानं गेली. पाठोपाठ कंपनीही बंद पडली. अक्काचा कामाचा कॉम्प्युटर कंपनीचा होता, तो परत गेला आणि मूळ चित्रंही त्याच्याबरोबर गेली. हाती उरला तो फक्त खेळ.

अक्का गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे तिच्या जागेवर पीठ पसरून वर पाटी पालथी घातली होती. सकाळी पाटी उचलून पिठात कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं. त्यावरून गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं म्हणतात. बायका वाकून बघून म्हणाल्या, पाखराचं पाऊल. सगळ्यांना बरं वाटलं. दाजी मात्र जागचे हलले नाहीत. मला हळूच म्हणाले, "मेव्हणं, पाखरू झाली तर ती माहेरालाच जानार. हितं कशाला थांबतीया?"

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. पण त्यांची खरी ठसठस हीच होती. अक्कानं त्या घरात सगळा संसार एकटीनं रेटला आणि कधी तोंडातून ब्र काढला नाही. तक्रार न करणाऱ्या बायकोच्या मनाचा नवऱ्याला कसा पत्ता लागायचा? "तिला ह्ये घर आपलं वाटलं का न्हाई, इचारायचं ऱ्हाऊनच गेलं बगा," ते म्हणायचे. "पर एवढी गावं काढली तिनं. एकांद्यात माझं घर काढलंच आसंल की." ते घर शोधण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी ते पडद्याचे नुसते फोटो घेत. पण मध्ये तो नायक, आणि जिथं नायक अजून गेला नाही तिथं खेळ अंधार करून ठेवतो. मग कुठून कुठून शिकून दाजींनी खेळाच्या फायलीच उसवायला घेतल्या. नादुरुस्त वायरलेस खोलून बसण्यात हयात गेली होती, चिकाटीला तोटा नव्हता. आत बघितलं तर चित्र अख्खं नसतंच. त्याचे चौकोनी तुकडे केलेले. माणसं वेगळी, जनावरं वेगळी, अंधारसुद्धा वेगळा ठेवलेला. अंधार बाजूला काढायचा आणि तुकडे गोधडीसारखे जोडत बसायचं. रोज सकाळी मला साताऱ्याला फोन. "रिपोर्ट देतो. वढा जुळला. देऊळ अजून यायचंय. बाकी ओके." मी विचारायचो, "जेवलात का?" तर म्हणत, "त्याचा रिपोर्ट नंतर."

जोडलेलं चित्र सांगलीच्या एका फ्लेक्सवाल्याकडून छापून आणायचे आणि भिंतीला लावायचे. त्या बिचाऱ्याला सवय वाढदिवसाच्या फलकांची. पहिल्यांदा त्यानं विचारलं, "दादांचा फोटू कुठं टाकायचा?" दाजी म्हणाले, "कुनाचाच न्हाई. ह्या गावात मानूस न्हाई." तो पुन्हा काही विचारायच्या भानगडीत पडला नाही.

मी त्या भिंती पहिल्यांदा बघितल्या तेव्हा भर दुपारी अंगावर काटा आला. चुलीतून धूर निघतोय, रहाटाचा दोर ओला आहे, अंगणात अर्धं निवडलेलं धान्य आहे, आणि माणूस कुठंच नाही. आत्ता इथं कोणीतरी होतं आणि आपली चाहूल लागून आत गेलं, असं वाटायचं. मला भिंतीकडे पाठ करून बसवेना. "भ्यालासा व्हय?" दाजी हसले. जतकडची कानडी सवय, म्हणाले, "बर्री, बर्री, या हिकडं, च्या घ्या. त्यास्नी पावण्याची सवय न्हाई."

एका चित्रावर ते फार दिवस अडले. डोंगराचे तुकडे कसेही बसवले तरी पायवाट जुळेना. मी गेलो आणि बघताक्षणी म्हणालो, "दाजी, डोंगर उगवतीला कशाला लावलाय? मावळतीला घ्या. हा आमच्या मळ्यामागचा डोंगर!" त्यांनी आपल्या गावचा समजून तो लावला होता. तुकडे हलवले, वाट बरोबर जुळली. मग मी येड्यासारखा भिंतीभिंतीनं फिरत सुटलो. हा आमचा ओढा, ही आमची बिरोबाची देवळी, ही आमच्या चुलत्यांच्या रानाच्या बांधाची ताल. बोलता बोलता दाजींच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि जीभ चावली.

"म्हंजे समदं म्हायेरच," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

सकाळचा रिपोर्ट बंद झाला. मीच फोन करायचो. "साताऱ्याला या, माझ्याकडं राहा," म्हणायचो. ते नुसते हुं म्हणायचे. मी अक्कावर चिडलो. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण बये, एक भिंत, एक खिडकी तरी काढायची होतीस की गं! एवढा काय जड होता तुला तो माणूस?

मग एका सकाळी फोन आला. रिपोर्ट नाही, काही नाही, नुसतं "या."

फायलींच्या तळाशी खेळात कधीच न घेतलेलं एक चित्र पडून होतं. कंपनीनं तो भाग गाळलेला. नायकाची वाट तिथवर पोचतच नाही. दाजींनी ते जोडून पडद्यावर ठेवलं होतं. उघडा माळ, एकटं घर, पत्र्याची पडवी, टँकरच्या पाण्याचं निळं बॅरल. मी काही सांगायची गरजच नव्हती. घराचं दार अर्धं उघडं होतं, आणि उंबऱ्याबाहेर अक्काच्या चपला होत्या. तुटलेला अंगठा लाल दोऱ्यानं शिवलेला, अगदी ती घालायची तशाच.

"चप्पल भाईर हाय, मेव्हणं," दाजी म्हणाले. "म्हंजे ती घरात हाय."

मला रडू आवरेना. ते मात्र शांत होते. "आता मला साताऱ्याला बोलवू नगासा," म्हणाले. "ती घरात आसताना मी कुटं जाऊ?"

गेल्या उन्हाळ्यात दाजी त्याच घरात, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांचा कॉम्प्युटर मी घेऊन आलो. पण तो लावायचा धीर होत नव्हता. परवा लावला. ते घराचं चित्र उघडलं आणि बघतच राहिलो.

अक्काच्या चपलांशेजारी आणखी एक जोड होता. पुरुषी चपला. बेढब, एक लहान एक मोठी, लहान पोरानं काढाव्यात तशा. रेघ जागोजागी थरथरलेली. शेजारी अक्काचा सुबक हात आणि हा असला. दोन्ही जोडांची तोंडं घराकडे होती.

आणि दार आतून लावून घेतलेलं होतं.